मालक बदलतो तेव्हा : भारतीय विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाची कथा



मलकापूरला विमान उतरत नाही. तेव्हा विमान कंपन्यांच्या मालकीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु आपल्या स्टेशनावरून जाणारा लोहमार्ग जी. आय. पी. या विलायती कंपनीचा होता. 1925 साली त्याचा कारभार सरकारने घेतला आणि 1951 साली तो मध्य रेल्वेत गेला. रूळ तेच राहिले, धनी बदलले. विमानांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडले आहे की, विलीनीकरण म्हणजे काय हे समजून घ्यावयास याहून चांगले उदाहरण नाही.

1932 साली टाटांनी कराची-मुंबई टपाल विमान सुरू केले, तेव्हा ते टाटा सन्सचे केवळ एक खाते होते. 1946 साली त्याची एअर-इंडिया ही सार्वजनिक कंपनी झाली. 1948 साली परदेशी उड्डाणांसाठी निराळी कंपनी निघाली. तिचे 49 टक्के भाग सरकारने घेतले. 1953 च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत वाहतुकीच्या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्स महामंडळात गेल्या आणि परदेशी वाहतुकीसाठी दुसरे महामंडळ झाले. जुन्या भागधारकांना भरपाई देण्याची आणि नोकरांना महामंडळाच्या सेवेत घेण्याची तरतूद त्या कायद्यातच होती.

1994 साली या महामंडळांच्या पुन्हा कंपन्या झाल्या. सर्व भाग सरकारचेच होते. 2007 साली दोन्ही कंपन्या एका नव्या कंपनीत विलीन करण्यात आल्या. तिलाच 2010 पासून एअर इंडिया लिमिटेड हे नाव मिळाले. दोन्हींचा धनी एकच असल्याने कागदावर हे काम सोपे होते. वेतनश्रेणी, बढती आणि ज्येष्ठतेच्या याद्या मात्र दोन होत्या. एप्रिल-मे 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. नव्या विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यावयाचे, यावरून 2012 साली दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनी काम थांबविले. या याद्यांचा मेळ कसा घालावा हे ठरविण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली.

27 जानेवारी 2022 रोजी वेगळेच घडले. टाटा सन्सच्या टॅलेस या कंपनीने एअर इंडियाचे सर्व भाग विकत घेतले. कंपनी तीच राहिली, भागधारक बदलला. 15,300 कोटींचे कर्ज कंपनीबरोबर गेले; उरलेले कर्ज सरकारच्या दुसऱ्या कंपनीवर टाकण्यात आले. विमानदुरुस्तीची उपकंपनी आणि अलायन्स एअर या सरकारकडेच राहिल्या. म्हणजे एकाच विमानाभोवती काम करणाऱ्यांचे धनी दोन झाले.

याचा परिणाम न्यायालयातही दिसला. पगार-बढतीविषयी काही कर्मचाऱ्यांनी सरकारी मालकीच्या काळात उच्च न्यायालयात रिट अर्ज केले होते. त्यांचा निकाल लागण्यापूर्वीच मालकी बदलली. कंपनी आता राज्यसंस्थेचा भाग नाही, म्हणून तिच्याविरुद्ध असा अर्ज चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ठरविले. दुसऱ्या योग्य ठिकाणी दाद मागण्याची वाट खुली राहिली. पण दहा-अकरा वर्षांची वाटचाल पुन्हा पहिल्या पायरीवर आली.

पुढे 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. विस्तारात टाटांचे 51 व सिंगापूर एअरलाइन्सचे 49 टक्के भाग होते. त्या हिश्शाच्या आणि वर घातलेल्या रोख रकमेच्या मोबदल्यात सिंगापूरला एअर इंडियाचे 25.1 टक्के मिळाले. हा आकडा सहज आलेला नाही. कंपनीचा विशेष ठराव तीनचतुर्थांश मतांनी व्हावा लागतो. पावाहून जास्त मते हाती असणारा तो अडवू शकतो. भांडवलाने आपल्या हक्काची अशी मोजणी आधीच करून घेतली.

कामगारानेही ती करावी. उद्या आपल्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगचा सौदा झाला, तर तीन गोष्टी विचाराव्यात : भाग विकले की कारखाना विकला? माझ्या नेमणूकपत्रावरची कंपनी कोणाकडे गेली? देणी आणि आमची ज्येष्ठतेची यादी कोणाच्या माथी आली? सौद्यावर सही होण्यापूर्वी ही उत्तरे लेखी मिळविणे, हे संघटनेचे पहिले काम आहे.