हेलसिंकीतल्या एका लहान कार्यालयाची वाटचाल

फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर मार्टी अहतिसारी यांनी २००० साली हेलसिंकीत ‘क्रायसिस मॅनेजमेंट इनिशिएटिव्ह’ म्हणजे सीएमआय ही खासगी संस्था काढली. पाठीशी ना फौज, ना तिजोरी. भांडवल एकच, नामिबिया आणि कोसोव्होच्या वाटाघाटींत कमावलेली पत.

कस लागला तो आचेहमध्ये. इंडोनेशियाच्या या प्रांतात ‘गाम’ ही बंडखोर संघटना १९७६ पासून स्वातंत्र्यासाठी लढत होती. २००२ चा युद्धविराम काही महिन्यांतच मोडला. मग २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली. त्सुनामीनेच समेट घडवला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. फिनलंडच्या मध्यस्थीची जुळवाजुळव लाट येण्याआधीच सुरू झाली होती. जानेवारी २००५ मध्ये दोन्ही बाजू हेलसिंकीजवळच्या एका जुन्या वाड्यात समोरासमोर बसल्या. स्वातंत्र्याची भाषा असेल तर चर्चा नाही, हे अहतिसारींनी गामला सुरुवातीलाच बजावले. शिवाय, सगळे मुद्दे सुटेपर्यंत कुठलाच सुटला असे धरायचे नाही, हा नियम. गाडी शेवटपर्यंत अडली ती आचेहपुरते स्थानिक पक्ष काढू द्यायचे की नाही, यावर. अखेर जकार्ताने ते मान्य केले. पाच फेऱ्यांनंतर १५ ऑगस्ट २००५ रोजी सह्या झाल्या. तेल-वायूसह नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा आचेहला मिळाला, गामने ८४० शस्त्रे जमा केली आणि देखरेखीला युरोपीय संघ व आसियानची माणसे आली.

२००८ मध्ये अहतिसारींना नोबेल मिळाले. पुढे संस्था येमेन, दक्षिण कॉकेशससारख्या ठिकाणी पडद्याआडच्या चर्चा घडवत राहिली.

दरम्यान काळ पालटला. अमेरिका-तालिबान करार दोहात झाला, सौदी-इराण समेट बीजिंगमध्ये. मध्यस्थी आता पैसा आणि वजन असलेल्या राजधान्यांकडे गेली आहे. एप्रिल २०२३ मध्ये खुद्द फिनलंडही लष्करी अलिप्तता सोडून नाटोत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अहतिसारी वारले.

मोठ्या राजधान्या युद्धविराम लवकर घडवतात, हे मान्य. पण आचेहचा समेट टिकला तो स्थानिक पक्षांसारख्या किचकट कलमांवर महिनोन्‌महिने घासाघीस झाली म्हणून, आणि तेवढा धीर अशा लहान कार्यालयांकडेच असतो. गामचे माजी सेनापती मुझाकिर मानाफ २०२५ पासून आचेहचे गव्हर्नर आहेत, तेही निवडून येऊन.