व्हिडिओ उघडत नाही तेव्हा: कोडेकचा थोडा इतिहास



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक 'शोध' लावला होता. मुंग्या दुपारपेक्षा संध्याकाळी २५ टक्के जास्त वेगाने चालतात! आठवडाभर मी हवेत होते. मग गाईड सरांनी आलेख बघितला आणि एवढंच म्हणाले, "मूळ फाइल दाखव." मूळ फाइल माझ्याकडे नव्हती.

झालं होतं असं. फोनवर शूट केलेले व्हिडिओ लॅबमधल्या कॉम्प्युटरवर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट होत नव्हते. आवाज यायचा, चित्राच्या जागी नुसता काळा पडदा. मी एक फुकटचा कन्व्हर्टर शोधला, सगळ्या फाइल बदलून घेतल्या आणि डिस्क भरली म्हणून मूळ फाइल डिलीट केल्या. संध्याकाळी उजेड कमी, त्यामुळे फोन आपोआप सेकंदाला ३० ऐवजी २४ फ्रेम घेत होता. कन्व्हर्टरने त्या फ्रेमही ३० च्या हिशोबाने मांडल्या. ३० भागिले २४ म्हणजे १.२५. माझ्या मुंग्यांचा जादा वेग तो एवढाच!

आज ना उद्या तुम्हीही संशोधनासाठी व्हिडिओ घ्याल: मुलाखती, प्राण्यांचं वर्तन, नाहीतर प्रयोगाचं रेकॉर्डिंग. म्हणून ही अडचण मुळात का येते हे इतिहासातून समजून घेऊ.

निगेटिव्हला हात लावायचा नाही

सुरुवात आपल्या पुण्यातूनच करू. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. फिल्मच्या जमान्यात कॅमेऱ्यातून आलेली निगेटिव्ह संकलक थेट कापत नसे. तिच्यावरून एक पॉझिटिव्ह प्रत काढायची, तिला रश प्रिंट म्हणायचे. कापणं, जोडणं, चुकणं, पुन्हा जोडणं, सगळं त्या प्रतीवर. संकलन पक्कं झालं की फिल्मच्या कडेवरचे आकडे जुळवून अगदी शेवटी निगेटिव्ह कापायची. शूटिंगची वस्तू वेगळी आणि संकलनाची वेगळी, ही शिस्त तेव्हापासूनची आहे. डिजिटलमध्ये आपण ती विसरतो, कारण दोन्ही 'फाइल'च दिसतात.

'फारच साधी' कल्पना

फिल्मवर प्रत्येक फ्रेम म्हणजे एक स्वतंत्र फोटो. डिजिटलमध्ये तसं करून बघा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला ३ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला साधारण १५५ एमबी आणि तासाला ५६० जीबी. कोणत्या मेमरी कार्डात मावणार हे?

इथे एका बंगळुरूच्या माणसाची गोष्ट येते. नासिर अहमद तेव्हा अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिती पद्धतीवर काम करण्यासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे प्रस्ताव पाठवला. तो नाकारला गेला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलंय, की एका परीक्षकाला ही कल्पना फारच साधी वाटली होती. अहमद थांबले नाहीत. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासोबतचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जेपेग, एमपेग, एच.२६४ असं बरंच काही त्याच पायावर उभं राहिलं. (प्रस्ताव नाकारला गेलेल्यांनी हा परिच्छेद प्रिंट काढून टेबलासमोर लावावा!)

पद्धत खरंच साधी आहे. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, समजा ८ गुणिले ८ पिक्सेलचे. प्रत्येक चौकोनात हळूहळू होणारे बदल किती आणि बारीक, झपाट्याने होणारे बदल किती, हे वेगळं काढायचं. डोळ्याला बारीक बदल फारसे कळत नाहीत, म्हणून ते ढोबळ आकड्यांत ठेवायचे किंवा सोडून द्यायचे. जागा वाचते. पण जे सोडलं ते परत येत नाही, हे लक्षात ठेवा.

कॅमेऱ्याची सोय, एडिटरची गैरसोय

दुसरी युक्ती फ्रेम-फ्रेममधल्या साम्याची. एक फ्रेम पूर्ण साठवायची आणि पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. २००३ मध्ये मान्य झालेल्या एच.२६४ ने हे फार कौशल्याने केलं. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने त्यावर आधारलेला एव्हीसीएचडी प्रकार आणला. सेकंदाला २४ मेगाबिट या दराने तासाचं शूटिंग ११ जीबीच्या आत बसायला लागलं. ५६० चे ११!

पण याची किंमत एडिटिंगच्या वेळी मोजावी लागते. तुम्ही चाळिसाव्या फ्रेमवर कर्सर ठेवला, की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून गणित करत यावं लागतं. म्हणून टाइमलाइन अडखळते. त्यात २०१३ चा एचईव्हीसी आणखी दाट. तो उलगडणारा भाग कॉम्प्युटरवर नसेल तर माझ्यासारखा काळा पडदा. डाविंची रिझॉल्व्हच्या लिनक्स आवृत्तीत बरीच वर्षं उलटा प्रकार होता. तिथे एएसी आवाज चालत नसे, म्हणून चित्र दिसायचं आणि ऑडिओ गायब.

इथे एक घोळ आधीच मिटवू. एमपी४ किंवा एमओव्ही म्हणजे कोडेक नव्हे, तो नुसता डबा. आत कोणती भाजी आहे हे झाकणावरून कळत नाही. म्हणून 'माझ्या मित्राची एमपी४ चालते, माझी का नाही?' या प्रश्नाचं उत्तर डबा उघडल्याशिवाय मिळत नाही.

यावरचा उपाय उद्योगाने काढला तो आपल्या ओळखीचाच आहे. आधी एव्हिडचा डीएनएक्सएचडी आणि २००७ मध्ये ॲपलचा प्रोरेस आला. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, म्हणून फाइल कित्येक पट मोठी, पण काम सुरळीत. म्हणजे पुन्हा रश प्रिंटच! मूळ बाजूला ठेवा आणि कामाची प्रत वेगळी काढा.

मूळ प्रत म्हणजे काय

पुण्यातच १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घालवून जुन्या फिल्म गोळा केल्या. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही. प्रभातसह जुन्या कंपन्यांच्या मूळ फिल्म त्यात जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढल्या होत्या, ते चित्रपट आपण आजही बघू शकतो. पण प्रतीत जे उतरलं नव्हतं ते आता तपासता येणार नाही. तिथे आग लागली होती. मी तर स्वतःच्या हाताने डिलीट दाबलं.

म्हणून आता मी एवढं पाळते:

१. कार्डावरचं फोल्डर पूर्ण, जसंच्या तसं दोन ठिकाणी कॉपी करते. एव्हीसीएचडीमध्ये लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात आणि ते जोडायची माहिती इतर फोल्डरमध्ये असते.

२. इम्पोर्ट करायच्या आधी मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडून कोडेक, फ्रेम रेट आणि तो स्थिर आहे की बदलता, हे वहीत लिहिते.

३. गरज असेल तर एफएफएमपेगने कामाची प्रत काढते. वापरलेली कमांडही वहीत जाते, कारण तीसुद्धा तुमची 'पद्धत' आहे.

४. रेकॉर्डिंगमध्ये एक स्टॉपवॉच दिसेल असं ठेवते. हा सर्वांत स्वस्त विमा.

मी ते सगळे प्रयोग पुन्हा केले, त्यात दोन महिने गेले. मुंग्या संध्याकाळीही दुपारइतक्याच वेगाने चालतात. ही ओळ प्रबंधात छोटीशीच येईल, पण तिच्यामागची मूळ फाइल या वेळी माझ्याकडे आहे. तुमच्या मूळ फाइल कुठे आहेत, हे आज एकदा बघून ठेवा.