कॅलिफोर्निया गव्हर्नर निवडणूक, १९९४ : उमेदवारांच्या स्थलांतरविषयक भूमिका

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ८ नोव्हेंबर १९९४ रोजी झालेली आणि बेकायदा स्थलांतराच्या मुद्द्याने गाजलेली निवडणूक. रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान गव्हर्नर पीट विल्सन आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या, राज्याच्या तत्कालीन खजिनदार कॅथलीन ब्राउन यांच्यात ती लढली गेली.

पार्श्वभूमी : शीतयुद्ध संपल्यावर संरक्षणखर्चात कपात झाली. विमान व संरक्षणसामग्री उद्योगांवर विसंबलेल्या दक्षिण कॅलिफोर्नियात बेकारी वाढली, राज्याचा महसूल घटला. अशा वेळी मेक्सिकोच्या सीमेवरून कागदपत्रांविना येणाऱ्यांवर होणारा सरकारी खर्च वादाचा विषय झाला. गव्हर्नरपदाबरोबरच ‘प्रपोझिशन १८७’ हा प्रस्ताव मतदारांपुढे आला. अशा स्थलांतरितांना सरकारी शिक्षण, सामाजिक साहाय्य आणि तातडीचे उपचार वगळता सरकारी वैद्यकीय सेवा नाकारावी, तसेच शिक्षक, आरोग्यकर्मचारी व पोलिसांनी संशयितांची माहिती वरिष्ठ यंत्रणेला कळवावी, असे त्यात होते.

विल्सन : त्यांनी प्रस्तावाला उघड पाठिंबा दिला. सीमा राखणे संघराज्याचे काम असताना तुरुंग, शाळा व रुग्णालयांचा भार राज्याने का सोसावा, असा त्यांचा सवाल होता. भरपाईसाठी त्यांनी संघराज्य सरकारविरुद्ध दावेही लावले. सीमा ओलांडून धावणारी माणसे दाखवणारी त्यांची दूरचित्रवाणी जाहिरात वादग्रस्त ठरली. सिनेटर असताना मात्र, १९८६ च्या स्थलांतर कायद्याच्या वेळी, त्यांनी शेतमालकांसाठी हंगामी परदेशी मजुरांची सोय व्हावी म्हणून प्रयत्न केले होते. विरोधकांनी या विसंगतीवर बोट ठेवले.

ब्राउन : त्यांनी प्रस्तावाला विरोध केला. मुलांना शाळेबाहेर काढल्याने सीमा बंद होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई आणि नोकरीसाठी बनावट करता न येणारे ओळखपत्र हे उपाय त्यांनी सुचवले.

तुलना : बेकायदा स्थलांतर रोखावे, याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो बंधन कोणावर घालायचे याबद्दल. विल्सन यांचा रोख सेवा घेणाऱ्या कुटुंबांवर होता, तर ब्राउन यांचा काम देणाऱ्या मालकांवर.

निकाल व परिणाम : विल्सन सुमारे ५५ टक्के मते मिळवून विजयी झाले, ब्राउन यांना सुमारे ४१ टक्के मते पडली. प्रस्तावही सुमारे ५९ टक्क्यांनी संमत झाला. मात्र संघराज्य न्यायालयाने त्याच्या प्रमुख तरतुदींना लगेच स्थगिती दिली. कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचे दार बंद करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात दिला होता. न्यायाधीश मारियाना फेल्झर यांनी १९९७ मध्ये प्रस्तावाचा बहुतांश भाग घटनाबाह्य ठरवला. पुढचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या काळात, १९९९ मध्ये, अपिलाचा वाद तडजोडीने मिटला. निष्प्रभ झालेली कलमे २०१४ मध्ये राज्याच्या कायद्यांतून वगळली गेली. त्या विधेयकावर सही करणारे गव्हर्नर जेरी ब्राउन हे कॅथलीन यांचे बंधू. या प्रस्तावामुळे लॅटिनो समाजात नागरिकत्व घेऊन मतदार होण्याची चळवळ बळावली आणि राज्यात रिपब्लिकन पक्षाचे बळ ओसरण्यास तिचाही हातभार लागला.

मूल्यमापन : प्रवेश, व्हिसा व नागरिकत्व हे विषय संघराज्याच्या अखत्यारीत येतात. राज्याच्या हाती शाळा, दवाखाने, पोलीस व रोजगारविषयक काही नियम असतात. त्यामुळे राज्याच्या उमेदवाराची स्थलांतरविषयक भूमिका त्याच्या घोषणेवरून तोलणे अपुरे आहे. त्या पदाला असलेला अधिकार आणि त्याच्या वापराने कोणाचे काय हिरावले जाईल, यांवरूनच ती तोलली पाहिजे. १९९४ मध्ये मतदारांनी भरघोस मतांनी स्वीकारलेल्या प्रस्तावाच्या मुख्य तरतुदी कधीच अमलात आल्या नाहीत.