साडी मुमताजची, पण आखली कुणी?

लग्नाच्या संगीतासाठी 'रेट्रो' थीम ठरली, की आमच्या पिंप्राळ्यापासून पुण्यापर्यंत एक साडी हमखास दिसते. अंगालगत घट्ट, तिरकी गुंडाळलेली, काठाला चमचम. नाव 'मुमताज साडी'. नेसणारी मुलगी आरशात बघून स्वतःलाच हसते आणि तरीही मनापासून नटते. थाट आणि थट्टा एकाच वेळी. आजचे कितीतरी फॅशन ब्रँड नेमकं हेच विकतात.

ही साडी आली 'ब्रह्मचारी' (१९६८) या सिनेमातून. शम्मी कपूरसोबत मुमताज त्यात इतकी जोरात नाचते, की नुसती नेसलेली साडी टिकलीच नसती. म्हणून ती आधीच शिवून, चेन लावून तयार केली होती. दुकानात आज 'वन मिनिट साडी' मिळते, तिची ही थोरली बहीण. पण ती आखली कुणी?

भानू अथय्या यांनी. माहेरच्या भानुमती राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, १९२९ चा. जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकात त्या फॅशनची रेखाटनं करायच्या. संपादिकेनं बुटीक काढलं आणि त्यांना कपडेही करून बघायला सांगितलं. तिथून त्या सिनेमात पोहोचल्या.

'श्री ४२०' (१९५५) मधला नादिराचा झगमगता गाऊन त्यांचाच. गंमत अशी, की सिनेमा बजावतो: ही माया आहे, हिच्या नादी लागू नका. प्रेक्षक मात्र तो गाऊनच डोळ्यांत साठवून घरी जातो. म्हणजे थाटातली थट्टा काही आजची नाही. पुढे 'वक्त' (१९६५) मध्ये साधनाला त्यांनी घट्ट चुडीदार घातला, आणि ती फॅशनच झाली.

लोकांच्या तोंडी नावं राहिली ती नट्यांची. कोड लिहिण्याच्या माझ्या कामात कुठलीही ओळ कुणी, कधी लिहिली ते एका क्लिकवर दिसतं. कपड्याच्या शिवणीत तशी नोंद नसते. ती करायला लेबल लागतं. मुंबईच्या मसाबा गुप्तानं २००९ मध्ये सुरुवात केली, तेव्हा साडीवर फुलांच्या जागी कॅमेरे छापले आणि ब्रँडला स्वतःचं नाव दिलं. त्या ब्रँडचा ५१ टक्के हिस्सा घेण्याचा करार आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीनं २०२२ मध्ये केला. नावालाही किंमत असते, ती अशी.

अथय्यांचं नाव जगाला कळलं ते १९८३ मध्ये, 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं तेव्हा. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पण ते खादीच्या साधेपणासाठी. चमचमणाऱ्या कपड्याला कला म्हणायला आपण अजूनही कचरतो. त्याला 'नटणं' म्हणून मोकळे होतो. शरीर कसं वळेल, कापड कुठे ताणेल, चेन कुठे लपेल, हा विचार मात्र त्या नारिंगी साडीतही होताच.

आपल्यामागे ऑस्कर इथे सुरक्षित राहील याची खात्री न वाटल्यानं अथय्यांनी ते २०१२ मध्ये अकॅडमीकडे परत सोपवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांची साडी मात्र आपण नीट सांभाळली आहे, दुसरीचं नाव लावून.