पुनर्वसन आणि मानसिक आरोग्य (घाटकोपर–माहूल)

मुंबईच्या घाटकोपर, विद्याविहार भागात तानसा जलवाहिनीला लागून राहणारी कुटुंबे माहूलला हलवल्यावर उद्भवलेला आरोग्यप्रश्न. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचा दहा मीटरचा पट्टा मोकळा करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. २०१७पासून हजारो कुटुंबांची रवानगी माहूलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत झाली. पदरी २२५ चौरस फुटांचे पक्के घर पडले आणि शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने व रसायनांच्या टाक्या. इथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते. वसाहत भरली ती त्यानंतर.

बोलले गेले ते मुख्यतः दमा, खाज, उलट्या यांविषयी. झोप उडणे, जीव घाबरणे, घरात चिडचीड वाढणे हे सगळे ‘टेन्शन’ या एका शब्दात मावले. त्याचा उगम केवळ धुरात नव्हता. घाटकोपरची धुण्याभांड्याची कामे सुटली, शाळा दूर पडली, अडीअडचणीला हाक मारायची ती गल्ली विखुरली. असा माणूस सहसा मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. डोकेदुखी घेऊन जनरल ओपीडीच्या रांगेत बसतो आणि केसपेपरवर डोकेदुखीच लिहिली जाते. ऑक्टोबर २०१८ मध्ये रहिवासी विद्याविहारला परतून जलवाहिनीलगत रस्त्यावरच राहिले, तेही वर्षाहून अधिक काळ. छप्पर असताना उघड्यावर झोपण्याचा हा निर्णय पुनर्वसनाच्या फायलीत तपशील म्हणून नव्हे, लक्षण म्हणून वाचायला हवा.

देश सुटलेल्यांचा अनुभव अर्थातच वेगळा, अधिक भीषण. १९७५ नंतर लाओसमधून परागंदा होऊन अमेरिकेत वसलेल्या ह्मोंग समाजात धडधाकट तरुण पुरुष झोपेतच दगावू लागले. १९८१ मध्ये हे प्रमाण शिगेला पोचले. पुढे हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडाकडे बोट दाखवले गेले, तर काही अभ्यासकांनी दुःस्वप्ने आणि तुटलेले धार्मिक विधी यांचाही विचार केला. माहूलशी साम्य आहे ते मनाचा भार शरीराच्या वाटेने पुढे येण्यात.

उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये माहूलवासीयांना दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत देण्यास सांगितले. निकालाचा आधार प्रदूषण हा होता. मानसिक उपचारांचा हक्क देणारा २०१७चा कायदा २९ मे २०१८ रोजी, म्हणजे विद्याविहारचा ठिय्या सुरू होण्याच्या पाच महिने आधी, लागू झाला होता.