पदव्युत्तर प्रवेशाचे निकष : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

पदवीनंतरच्या अभ्यासक्रमाला कोणाला प्रवेश द्यायचा, हे ठरविणारे नियम. त्यांचे दोन भाग पडतात : अर्ज करण्यापुरती किमान पात्रता आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यास निवडीसाठी लावायची गुणवत्ता. पात्रता नियमाने ठरते. ‘कटऑफ’ (प्रवेश मिळालेल्या शेवटच्या अर्जदाराचे गुण) मात्र त्या वर्षी कोणी अर्ज केले त्यावर ठरतो. ठाणे जिल्ह्यातील ही तिन्ही शहरे मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) क्षेत्रात येतात. त्यामुळे एखाद्या विषयाच्या एम.एस्सी.ची पात्रता उल्हासनगर आणि मुंबईतील संलग्न महाविद्यालयांत एकच, कटऑफ मात्र निरनिराळा असू शकतो.

अधिकार : उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीचा (नोंद ६६) विषय असून शिक्षण हा समवर्ती सूचीचा (नोंद २५) विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोग किमान मर्यादा घालून देतो. विद्यापीठाच्या पातळीवर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभ्यास मंडळ, विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषद यांच्यामार्फत नियम होतात. महाविद्यालय ते राबवते. पात्रता स्वतःहून शिथिल करण्याचा अधिकार त्याला नाही.

पारंपरिक अभ्यासक्रम : उल्हासनगरात श्रीमती चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय आणि आर. के. तलरेजा महाविद्यालय ही १९६० च्या दशकातील महाविद्यालये आहेत. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने असल्याने एम.एस्सी. रसायनशास्त्र ही येथील ओळखीची वाट. जुन्या अभ्यासक्रमात तृतीय वर्षाला रसायनशास्त्र ‘सहा युनिट’ (एकच मुख्य विषय) होते की ‘तीन युनिट’ (दोन मुख्य विषयांपैकी एक), हे अर्ज तपासताना पाहिले जाई. एम.ए., एम.कॉम.साठी सर्वसाधारणपणे पदवीच्या गुणांवरून गुणवत्ता यादी लागते.

आरक्षण : राज्यात अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त व भटक्या जमातींना एकूण ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ टक्के, अशा ५२ टक्के जागा राखीव आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गासाठी प्रत्येकी १० टक्क्यांची स्वतंत्र तरतूद आहे. वर्ग लहान असला की हे गणित अवघड होते : २० जागांच्या वर्गात १३ टक्के म्हणजे २.६ जागा, तर ७ टक्के म्हणजे १.४ जागा, हे अपूर्णांक पूर्णांकात आणावे लागतात. शिक्षणसंस्थांतील प्रवेशात आरक्षणाची मुभा देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात सिंधी भाषिक अल्पसंख्याक संस्था असल्याने हा अपवाद येथे महत्त्वाचा ठरतो.

व्यावसायिक अभ्यासक्रम : एम.बी.ए., एम.सी.ए., बी.एड. आणि तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम यांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षामार्फत होतात. एम.बी.ए.साठी पदवीला ५० टक्के (महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गांना ४५) गुण लागतात. निवड सीईटीच्या पर्सेंटाइलवर होते. म्हणजे पदवीचे गुण दार उघडतात, जागा मिळते ती परीक्षेवर.

पीएच.डी. : आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण हवेत; राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

बदल व अडचणी : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचा, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयोगाच्या २०२४ च्या आराखड्याने प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीपेक्षा वेगळ्या विषयाची वाट खुली केली. सर्व निकषांचा पाया मात्र वेळेवर लागणारा पदवीचा निकाल हाच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी सुरू केली, तेव्हा निकाल काही महिने रखडले, पदव्युत्तर प्रवेश लांबले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.