एकशे अठरा बैठका

१ एप्रिल १९४८. दोन्ही पंजाबांमधला पाण्याचा जैसे थे करार आदल्याच दिवशी संपला होता आणि पूर्व पंजाब सरकारनं पश्चिम पंजाबात जाणारं कालव्यांचं पाणी बंद केलं. फाळणीची रेघ अशी पडली होती, की रावीवरचं माधोपूर आणि सतलजवरचं फिरोजपूर इथली कालव्यांची मुखं इकडे राहिली, आणि त्या पाण्यावर पिकणारी शेतं तिकडे गेली. खरीप तोंडावर आला होता. ४ मे रोजी दिल्लीत तात्पुरती तडजोड झाली. तरी आपलं पीक शेजाऱ्याच्या दरवाजावर अवलंबून आहे, ही धास्ती पाकिस्तानच्या मनातून गेली नाही.

पुढे जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं वाटाघाटींचं गुऱ्हाळ आठ वर्षं चाललं. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सिंधू जल करारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. हे वाटप शाळेतल्या मुलालाही सांगता येतं. कराराचं आठवं कलम मात्र फारसं कोणी वाचत नाही, आणि खरी कारागिरी तिथंच आहे.

या कलमानं स्थायी सिंधू आयोग नेमला. प्रत्येक देशाचा एक आयुक्त, आणि तो शक्यतो जलशास्त्र जाणणारा वरिष्ठ अभियंता. वर्षातून निदान एकदा बैठक, एकदा या देशात, एकदा त्या देशात. दर पाच वर्षांनी नद्यांची पाहणी. ३१ मार्चला वर्ष संपलं की १ जूनच्या आत दोन्ही सरकारांना अहवाल. भेटायचं की नाही हा प्रश्नच ठेवला नाही. दोन देशांचे संबंध बिघडले की आधी भेटीगाठी थांबतात, हे ओळखूनच हे कलम लिहिलेलं दिसतं.

बैठकीत बोलणं चालायचं ते विसर्गाचं, पाणीपातळीचं, धरणाच्या आराखड्याचं, पुराच्या आगाऊ सूचनेचं. भाषणबाजीला तिथं फार वाव नव्हता. एखादा दरवाजा किती उंचीवर असावा यावर मात्र वर्षानुवर्षं खल होई.

चिनाबवरच्या सलाल प्रकल्पाचंच पाहा. पाकिस्तानच्या हरकती आयोगात मिटेनात, म्हणून विषय परराष्ट्र खात्यांकडे गेला. १४ एप्रिल १९७८ रोजी दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी आणि आगा शाही यांनी समझोता केला. भारतानं धरणाची उंची कमी केली आणि तळाचे दरवाजे कायमचे बुजवायचं मान्य केलं. त्यामुळे पुढे सलालचा जलाशय गाळानं भरत गेला. शेजाऱ्याशी जमवून घेण्याची ही किंमत जम्मू-काश्मीरच्या वाट्याला आली, आणि तिथला राग समजण्यासारखा आहे. चिनाबवरच्याच बगलिहार धरणाच्या वेळी तंटा त्रयस्थ तज्ज्ञाकडे गेला. रेमंड लाफित यांनी २००७ साली निकाल दिला आणि धरण उभं राहिलं.

१९६५, १९७१, कारगिल. एवढं होऊनही करार मोडला नाही. पाकिस्तानला नवे कालवे बांधण्यासाठी भारतानं सहा कोटी वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दहा हप्त्यांत द्यायची होती; युद्धाच्या वर्षीचा, १९६५चा हप्ताही चुकला नाही. आज हे वाचताना त्या पिढीच्या शब्दाला मान द्यावासा वाटतो.

२०१६ साली उरीचा हल्ला झाला आणि बैठका थांबल्या. तरीही मार्च २०१७ मध्ये भारतीय शिष्टमंडळ ११३व्या बैठकीला इस्लामाबादला गेलं. ११७वी बैठक मार्च २०२२ मध्ये पुन्हा इस्लामाबादला भरली, आणि ३० व ३१ मे रोजी दिल्लीत ११८वी.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये पर्यटकांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी भारतानं करार स्थगित केला. तोवर ११९वी बैठक भरली नव्हती; ती भरवण्याची पाळी पाकिस्तानची होती.